हेन्स्लोची वही

(दृश्य: थेम्सचा दक्षिण काठ. पुलाजवळच्या गल्लीतली कार्यालयाची इमारत.)

लंडनमधल्या या इमारतीच्या तळघरात एक नाटकघर आहे. म्हणजे, त्याचा पाया आहे. नाव रोझ. फिलिप हेन्स्लो नावाच्या माणसानं ते १५८७ साली बांधलं.

हेन्स्लो नट नव्हता, लेखकही नव्हता. तो कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या संघाचा सभासद. पुढे सावकारी करायचा, वस्तू गहाण ठेवून घ्यायचा. नाटकघर काढताना त्यानं एका वाण्याला भागीदार घेतलं आणि आवारातल्या खाण्यापिण्याच्या विक्रीचा हक्क देऊन टाकला. माणूस पक्का व्यवहारी. आणि व्यवहारी होता म्हणूनच त्यानं सगळं लिहून ठेवलं.

(दृश्य: हस्तलिखिताची पानं. वाकडंतिकडं अक्षर.)

वही कोरी नव्हती. तिच्यात आधी भावाचे लाकडाचे हिशेब होते. उरलेली पानं फिलिपनं वापरली. १५९२पासून नाटकांचा गल्ला, लेखकांना दिलेली उचल, कपडेपटाचा खर्च, नटांची उधारी. त्याच वर्षी त्याच्या सावत्र मुलीचं लग्न झालं, त्या काळचा गाजलेला नट एडवर्ड अ‍ॅलन याच्याशी. अ‍ॅलननं पुढे १६१९ साली डलिच इथे कॉलेज स्थापन केलं आणि सासऱ्याची कागदपत्रं तिथे राहिली. आजही तिथेच आहेत.

या वहीत शेक्सपिअरचं नाव एकदाही येत नाही. ३ मार्च १५९२ रोजी ‘हॅरी द सिक्स्थ’ हे नाटक मात्र आहे, बहुधा त्याच्याच ‘हेन्री द सिक्स्थ’पैकी एक. समोर आकडा: ३ पौंड, १६ शिलिंग, ८ पेन्स. लेखक कोण, याच्याशी हेन्स्लोला कर्तव्य नव्हतं. आणि हा आकडाही त्या दिवसाचा पूर्ण गल्ला नव्हे. पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत, उभं राहायला एक पेनी पडायची, सज्जात जायला वर आणखी. सज्जाच्या उत्पन्नातला निम्मा वाटा मालकाचा. तेवढाच तो टिपतो, असं बहुतेक संशोधक मानतात.

पण अशाच नोंदी ओळीनं वाचत गेलं की नाटक कंपनीचं रोजचं जगणं दिसायला लागतं. १५९४-९५च्या हंगामात रोझमध्ये खेळ करणाऱ्या अ‍ॅडमिरलच्या कंपनीनं ३८ नाटकं केली. त्यांतली २१ नवी. आठवड्याचे सहा दिवस खेळ, आणि रोज वेगळं नाटक. तालमीला वेळ कुठून आणायचा?

(दृश्य: कागदाची लांब गुंडाळी.)

उत्तराचा एक तुकडा डलिचलाच आहे. ‘ऑर्लँडो फ्युरिओसो’ नाटकातली अ‍ॅलनची नक्कल. नक्कल म्हणजे एकट्या नटाच्या वाट्याचा कागद. कागदाच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवून केलेली गुंडाळी. त्या काळच्या व्यावसायिक इंग्रजी रंगभूमीवरची एवढी एकच नक्कल आज शिल्लक आहे. हिच्यात फक्त त्याची वाक्यं आहेत. समोरच्याच्या संवादातले शेवटचे दोन-तीन शब्द, आणि मग आपलं भाषण. ते शब्द कोण म्हणणार, किती वेळानं म्हणणार, काही लिहिलेलं नाही. नटाला कान उघडे ठेवूनच उभं राहावं लागे. संपूर्ण नाटक पुस्तकात वाचून पात्रांचं मन उलगडणाऱ्या समीक्षेला या गुंडाळीनं चांगलंच कामाला लावलं आहे.

आता कपडेपट. १६०३ साली एका नाटकातल्या नायिकेसाठी काळ्या मखमलीचा झगा घेतला, ६ पौंड १३ शिलिंगांना. ते अख्खं नाटक लिहिण्याचे टॉमस हेवूडला मिळाले ६ पौंड. १५९८च्या सामानाच्या यादीत नरकाचं तोंड आहे, मार्लोच्या ‘फॉस्टस’ नाटकातला ड्रॅगन आहे, सोनेरी सफरचंदांचं झाड आहे. एक झगा तर अदृश्य होण्यासाठी! तो घातला की नट दिसत नाही, हे प्रेक्षकांनी मान्य करायचं. ही यादी शेक्सपिअरचा अभ्यासक एडमंड मलोननं १७९०मध्ये छापली. मूळ कागद नंतर हरवला.

आणि जे कागद टिकले, त्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जॉन पेन कॉलिअर या विद्वानानं १८४५ साली ही वही छापून प्रसिद्ध केली. तिच्यात खोट्या नोंदी घुसल्या होत्या. नाटककार टॉमस डेकरनं ‘फॉस्टस’मध्ये भर घातल्याची एक नोंद त्यातलीच. डलिचच्या हस्तलिखितांची सूची करणाऱ्या जॉर्ज वॉर्नरनं १८८१मध्ये ही बनवाबनवी उघड केली. तोवर त्या ओळी खऱ्या धरून लोकांनी लिहून टाकलं होतं.

(दृश्य: १९८९ची उत्खननाची छायाचित्रं. चिखल, फळ्या, माणसं.)

१९८९. नव्या इमारतीसाठी जागा मोकळी झाली आणि रोझचा पाया वर आला. पुरातत्त्वज्ञांना वेळ अपुरा, बिल्डरला घाई. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट, इयन मकेलन यांच्यासारखे नट रस्त्यावर उतरले. अखेर इमारत झाली, पण पाया वाचला.

बावीसेक मीटर व्यासाचं, चौदा बाजूंचं, थोडं वेडंवाकडं घर. रंगमंच मागे साधारण ११ मीटर रुंद, पुढे निमुळता होत ८, आणि खोली जेमतेम ५ मीटर. एवढ्याशा जागेत लढाया व्हायच्या.

वहीत १५९२ सालचा बांधकामाचा मोठा खर्च आहे: चुना, विटा, लाकूड, मजुरी, मिळून शंभर पौंडांच्या वर. किरकोळ डागडुजी आणि रंगरंगोटी असेल, असं अभ्यासक समजत होते. जमिनीनं वेगळंच सांगितलं. उत्तरेकडची बाजू पाडून पुन्हा बांधली होती. रंगमंच मागे सरकला, पिट वाढलं. रंगमंचावर छत आलं. त्याच्या खांबाची बैठक सापडली. मग १५९५ची एक नोंदही नीट समजते: सुतारकाम आणि ‘आकाशातलं सिंहासन’, ७ पौंड २ शिलिंग. देव खाली उतरायचा, तर आधी वर छत हवं.

मातीही चकवते म्हणा. पिटात हेझलनटची ढीगभर टरफलं मिळाली. नाटक बघताना लोक खात असणार, अशी गोड गोष्ट लगेच पसरली. नंतर दिसलं की राख आणि टरफलं मिसळून जमीन तयार केली होती. बाहेरून आणलेली भरच होती ती!

(दृश्य: शोरडिच. कर्टनचं उत्खनन.)

नदीपलीकडे शोरडिचला कर्टन नाटकघर होतं. तिथला हेन्स्लो कोणी नाही, अशी वहीही नाही. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’चा पहिला प्रयोग इथेच झाला, असं बरेच जण मानत, त्या नाटकाच्या सुरुवातीला नाटकघराला ‘लाकडी ओ’, म्हणजे गोल O अक्षर, म्हटलंय, म्हणजे कर्टन गोल असणार. २०१६ साली तिथला पाया मोकळा झाला. तो आयताकृती निघाला.

रोझच्या पूर्वेकडचा जवळपास एकतृतीयांश भाग अजून खणायचा आहे.