टाकीचं झाकण

[पेट्रोल पंप, सकाळची वेळ. मीटरवर आकडे शून्यावर येतात.]

“झिरो बघा, साहेब.”

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पंपावर गाडी लावा, हे वाक्य कानावर पडतंच. आपण आज्ञाधारकपणे मान वळवतो, झिरो बघतो आणि मग पळत्या आकड्यांकडे बघत बसतो. तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या अंगाला एक काळं झाकण पट्टीला लोंबकळत असतं. ते कुणी उघडलं, किती घट्ट लावलं, आपल्याला पत्ता नसतो. स्वतः नळी धरून पेट्रोल भरायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे दहा-दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसानंही स्वतःच्या गाडीचं हे झाकण कधी हातात घेतलेलं नसतं.

आज घेऊ.

[झाकण तळहातावर, अगदी जवळून.]

प्लॅस्टिकचं, हलकं. आतल्या अंगाला आटे. आट्यांच्या मुळाशी काळी रबरी रिंग. गॅरेजमध्ये कुणी तिला ओ-रिंग म्हणतं, कुणी नुसतं वायसर. आणि पोटात, सहसा न दिसणारी, एक बारीक स्प्रिंग आणि झडप. ही झडप कशासाठी, हे समजायला पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली घ्या. तोंड लावून, हवा आत न सोडता पाणी ओढा. बाटली चिमटते. इंजिन टाकीतून पेट्रोल ओढतं, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत हवा गेली नाही तर टाकीचीही तीच गत होईल.

जुनी मोटरसायकल चालवलेल्यांनी हे रस्त्यावर भोगलंय. गाडी झकास चालते, आठ-दहा किलोमीटरवर पिकअप जातो, मग बंद. किक मारून पाय दुखतो. प्लग काढून पुसला जातो, कार्ब्युरेटरला शिव्या बसतात. एखादा जुना मिस्त्री मात्र येतो, काही न विचारता टाकीचं झाकण उघडतो. फुस्स! गाडी सुरू. झाकणातलं हवेचं भोक चिखलानं बुजलेलं असतं, एवढाच रोग.

चारचाकीत मामला थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. हवा आत यायला हवी, पण वाफ बाहेर जाता कामा नये.

[मे महिन्याची दुपार. उन्हात उभ्या गाड्यांची रांग.]

पेट्रोल उडून जायला उन्हाचीही गरज नसते. शून्याच्या खाली चाळीस अंशांवरसुद्धा त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघते. मग मे महिन्यातल्या डांबरावर काय होत असेल! पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचा माग काढताना आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की पेट्रोलची वाफ आणि इंजिनाचा धूर सूर्यप्रकाशात एकत्र आले की ओझोन हा श्वासाला घातक वायू तयार होतो. म्हणजे उभी गाडीही हवा बिघडवत होती. १९७०च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियानं आणि १९७१पासून सगळ्या अमेरिकेनं ही वाफ गाडीतच अडवायची सक्ती केली.

अडवायची कशात? कोळशात. टाकीतली वाफ एका नळीनं कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की तीच वाफ ओढून जाळली जाते. आज आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही हा डबा असतो. नव्या गाड्यांत टाकीला लागणारी हवाही बहुतेक याच वाटेनं येते. ती वाट तुंबली तर झाकणातली झडप मदतीला धावते.

या सगळ्या बंदिस्त व्यवस्थेला रोज उघडणारं तोंड एकच. तिथली रिंग चिरली असेल, तर कोळशाचा डबा काय करणार?

जाता जाता एक: नळी आपोआप ‘कट’ झाल्यावरही आणखी पन्नास रुपयांचं, राउंड फिगर करायला, टाका असं सांगायची आपली खोड या डब्याच्या मुळावर येते. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेच्या नळीत पेट्रोलच शिरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो. झाकण बदलणं स्वस्त आहे, हा डबा नाही.

[डॅशबोर्डवर पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा.]

काही गाड्यांचा कॉम्प्युटर या व्यवस्थेतली गळती स्वतः तपासतो. तो दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०४५७ असा कोड आला, तर त्याचा अर्थ चक्क ‘झाकण सैल आहे किंवा जागेवर नाही’ असा होतो. झाकण नीट लावल्यावर दिवा लगेच विझत नाही, काही फेऱ्यांनंतर विझतो. तेवढा धीर नसल्यानं विनाकारण गॅरेज गाठणारे पुष्कळ. मात्र दिवा टिकूनच राहिला, किंवा लुकलुकायला लागला, तर तो वेगळा विषय. तेव्हा मेकॅनिकच हवा.

[पाऊस. झाकणाच्या खळग्यात साचलेलं गढूळ पाणी.]

उन्हाळ्यात वाफ, पावसाळ्यात पाणी. गाडीच्या पत्र्यातलं बाहेरचं झाकण उघडलं की आतल्या खळग्याच्या तळाशी एक छोटं भोक दिसेल. पाणी वाहून जायची ती मोरी. लाल माती, पालापाचोळा यांनी ती तुंबली, की खळग्यात डबकं होतं, लोखंडी गळ्याला गंज चढतो, आणि टाकीचं झाकण उघडताक्षणी ते पाणी टाकीत उतरतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. इंजिनाला पहिल्यांदा मिळतं ते तेच. म्हणून जूनच्या आधी त्या भोकात एक मऊ प्लॅस्टिकची काडी घालून बघा. तार नको.

[स्वच्छ फडकं. रिंग बोटांनी दाबून पाहिली जाते.]

देखभाल म्हणाल तर पाच मिनिटांची. इंजिन बंद, आसपास विडी-काडी नाही. आटे आणि गळ्याची कड कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायची. रिंगवर नख फिरवायचं. रबर मऊ हवं. कडक झालं असेल, चपटं पडलं असेल, बारीक भेगा दिसत असतील, तर दिवस भरले. ग्रीस, खोबरेल असलं काही लावू नका. माती चिकटते आणि रबर फुगतं. उघडताना हलकं ‘फुस्स’ झालं तर घाबरायचं कारण नाही. दर वेळी लांबलचक सुस्कारा ऐकू येत असेल, तर कुठेतरी वाट तुंबली आहे.

[पुणे, नाना पेठ. सुट्या भागांची दुकानं.]

बदलायचं ठरलं, तर जुनं झाकण खिशात घालूनच दुकानात जा. वरून सगळी सारखीच दिसतात. आटे वेगळे, झडपेचा दाब वेगळा, पेट्रोलचं आणि डिझेलचं वेगळं. “बसतंय की,” हे दुकानदाराचं वाक्य पुरेसं नाही. बसणं आणि वाफ धरणं यांत फरक आहे. गाडीचं मॉडेल, वर्ष सांगून कंपनीचाच पार्ट मागा. चावीचं झाकण हवं असेल तरी त्याच मापाचं. आणि नव्या डिझेल गाड्यांत निळं झाकण दिसलं, तर तिथे डिझेल ओतायचं नाही. ते धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचं तोंड.

झाकण पंपावरच राहिलं, तर लोक काय करतात? कॅरीबॅग आणि रबरबँड. फडक्याचा बोळा. पिशवी वाफ धरत नाही, बोळा वात होतो, आणि गाडी कलंडली तर ती वात टाकीपर्यंत पोहोचलेली असते. आडगावी अडकलात तर गाडी जवळच्या दुकानापर्यंत, टाकी अर्ध्याच्या खाली असताना, सावकाश न्यावी.

[पुन्हा तोच पंप. संध्याकाळ.]

“झिरो बघा, साहेब.”

झिरो बघितला. पाचशेचं पेट्रोल भरून झालं. मुलगा पुढच्या गाडीकडे वळला. आज खाली उतरून, घट्ट बसल्याचा आवाज येईपर्यंत झाकण स्वतः फिरवून पाहतो.

टक्. टक्. टक्.