किंग्ज डेला अ‍ॅमस्टरडॅमला यायचंय? मग २७ तारखेला येऊ नका!

नमस्कार मंडळी! आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या, एप्रिलमधली इथली हवा म्हणजे सकाळी ऊन, दुपारी गारा.

तर विषय. मागच्या ट्युलिपच्या व्हिडिओखाली तुम्ही काय लावलंय? मी बोलत होते फुलांबद्दल आणि कमेंट्स सगळ्या "ताई, ते केशरी कपडेवाले लोक कोण", "ताई, राजाचा वाढदिवस कधी असतो", "ताई, आम्ही त्याच आठवड्यात येतोय, जमवता येईल का". जमवता येईल. पण त्यात एक मेख आहे आणि ती मी आज तीनदा सांगणारे, वैतागू नका, कारण दर वर्षी किमान चार कुटुंबं माझं ऐकत नाहीत आणि मग मला स्टेशनवरून फोन करतात.

आधी बेसिक पटकन उरकू. २७ एप्रिल, कोनिंग्सदाख, म्हंजे किंग्ज डे. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस, जन्म १९६७ चा. देशभर सुट्टी. २७ ला रविवार आला तर आदल्या दिवशी, शनिवारी २६ ला साजरा होतो. २०२५ ला तसंच झालं, आता पुन्हा २०३१ ला होईल. व्हिसा, थर्मल, छत्री यावर वेगळे व्हिडिओ आहेत, तिकडे बघा. झालं बेसिक.

आता मेख. २७ तारखेला सामान घेऊन अ‍ॅमस्टरडॅममध्ये येऊ नका. येऊ नका म्हंजे येऊच नका. २५ ला या, फार तर २६ च्या दुपारपर्यंत.

का, ते माझ्याच मूर्खपणावरून सांगते. २०१९. आई-बाबा पहिल्यांदा सांगलीहून इकडे येणार होते. तिकीट २७ एप्रिलचं स्वस्त मिळालं, मी म्हटलं वा, विमानातून उतरले की थेट जत्रेत! आम्ही राहतो आम्स्टलवेनला, म्हंजे शहराच्या खालच्या अंगाला, एअरपोर्टपासून जवळ. सरळ घरी आणायचं की नाही? नाही. मला हौस, त्यांना दोन रात्री कालव्याकाठच्या हॉटेलात ठेवायची, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे ना. स्किपोल एअरपोर्टहून ट्रेनने सेंट्रल स्टेशन, पाव तास लागतो, इथवर ठीक. बाहेर आलो आणि ट्रॅमच नाहीत! त्या दिवशी शहराच्या मधल्या भागात ट्रॅम चालवतच नाहीत, कारण रुळांवर माणसं असतात. टॅक्सी आत येऊ शकत नाही. चार बॅगा, त्यातल्या एकीत गोडा मसाला, मेतकूट आणि अडीच किलो लाडू, आणि समोर केशरी विग घातलेली, मुकुट लावलेली, हातात बियरचे कॅन घेतलेली माणसंच माणसं. दोन किलोमीटर चालायचं. इथले कालव्यांवरचे पूल मधे फुगीर असतात, बैलाच्या वशिंडासारखे, आणि रस्ता विटांचा. दुसऱ्या पुलावर बाबांच्या बॅगेचं चाक गेलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. ज्यांना वडील आहेत त्यांना कळलं असेल. शेवटी फुगवलेला प्लास्टिकचा मुकुट घातलेल्या एका लांबुडक्या पोराने बॅग डोक्यावर घेतली, अगदी आपल्याकडच्या हमालासारखी, आणि पुलापलीकडे ठेवून गेला पण गर्दीत.

हा झाला पहिला अँगल. आता दुसरा. एक कमेंट आहे, नाव वाचत नाही, "ताई आम्ही पॅरिसहून ट्रेनने २७ ला दुपारी ३ ला पोहोचतोय, संध्याकाळ तर मिळेलच ना." अहो, संध्याकाळी काय मिळणार? कचरा! ही दिवाळी नाही, संध्याकाळी सुरू व्हायला. खरी मजा आहे ती २६ च्या रात्री, तिला किंग्ज नाइट म्हणतात, गाणी-बिणी, आणि मग २७ ला सकाळी ६ पासून, जेव्हा फ्रायमार्क्ट, म्हंजे रस्त्यावरचा जुन्या वस्तूंचा बाजार, लागतो. दुपारी ३ ला गर्दी टोकाला पोचलेली असते, चांगल्या वस्तू संपलेल्या असतात आणि माणसं झिंगलेली असतात. तुम्ही पाहुणे म्हणून लग्नाला यायचं आणि पोचायचं कधी, तर मांडववाला खुर्च्या गोळा करताना, असा प्रकार आहे.

तिसरा अँगल, परतीचा. "बरं ताई, येत नाही २७ ला, पण २७ ला रात्रीचं फ्लाइट आहे." तेच! उलट दिशेने तेच! दिवसभर बाहेरगावाहून आलेले लाखो लोक संध्याकाळी एकाच सेंट्रल स्टेशनकडे निघतात. दादर संध्याकाळी साडेसहाला, फक्त सगळे केशरी आणि अर्धे गात असलेले. त्यात तुम्ही बॅग घेऊन, फ्लाइट सुटायच्या भीतीने. २८ चं तिकीट काढा. आणि अगदीच नाइलाज असेल, ऑफिसने तिकीट काढलं, सुट्टी मिळत नाही, तर हॉटेल मधल्या भागात घेऊ नका, शहराच्या दक्षिणेकडच्या झाउद स्टेशनच्या बाजूला घ्या. स्किपोलहून तिथे ट्रेनने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि तिथून ५२ नंबरची मेट्रो जमिनीखालून गावात जाते. मेट्रो चालू असते. ट्रॅम नाही, मेट्रो. हारलेमला राहिलात तरी चालेल, तेही सुंदर गाव आहे, आणि अ‍ॅमस्टरडॅमचा साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्सही वाचेल, अर्थात तिकडचा वेगळा असतो तो भरायचाच.

ट्रेन-मेट्रोत आपलं नेहमीचं बँक कार्ड टॅप करून जाता येतं, फक्त माणशी एक कार्ड, नवरा-बायको एका कार्डावर आत जाऊ शकत नाही, आणि उतरताना परत त्याच कार्डाने टॅप. पुढे.

राजा कुठे दिसेल? हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की मला राजाची सेक्रेटरी असल्यासारखं वाटायला लागलंय. उत्तर: टीव्हीवर. खरंच. डॅम चौकात तो मोठा राजवाडा आहे, लोक तिथे उभे राहून वर गॅलरीकडे बघत असतात, कोणी येत नाही. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम असली तरी राजा राहतो हेगला, सरकारही हेगमध्येच बसतं, आणि तो वाडा मुळात राजवाडा म्हणून बांधलेलाच नाही, सतराव्या शतकात नगरपालिकेची कचेरी म्हणून बांधला होता. व्यापाऱ्यांचं गाव हे, महालासारखी इमारत बांधली ती स्वतःच्या कारभारासाठी! वाढदिवसाला राजघराणं दर वर्षी वेगळ्या गावाला जातं. २०२३ ला रॉटरडॅम, २०२४ ला एमेन, २०२५ ला दूटिंखेम. राजा बघायचाच असेल तर त्या वर्षी कुठलं गाव आहे ते शोधून तिकडे जा, अ‍ॅमस्टरडॅमला नुसती पार्टी.

तारखेचा घोळही सांगून टाकते, कारण एका काकांनी फार आत्मविश्वासाने लिहिलंय की "मॅडम तारीख ३० एप्रिल आहे, आमच्या गाइडबुकात आहे." काका, गाइडबुक रद्दीत द्या. २०१३ पर्यंत राणी होत्या, बेआट्रिक्स, तेव्हा हा क्वीन्स डे होता आणि ३० एप्रिललाच असायचा. पण त्यांचा वाढदिवस ३१ जानेवारीचा! जानेवारीत इथे माणूस रस्त्यावर उभा राहू शकत नाही, सतरंजी टाकून भांडी काय विकणार. म्हणून आईची, म्हंजे राणी युलियाना यांची ३० एप्रिल त्यांनी तशीच ठेवली. मग ३० एप्रिल २०१३ ला गादी मुलाला दिली आणि २०१४ पासून २७ आली. त्याच्याही आधी हा दिवस ३१ ऑगस्टला असायचा, युलियाना यांच्या आई विल्हेल्मिना यांच्या जन्मदिवशी, १८८५ पासून. २०१४ मध्ये ३० तारखेला केशरी कपडे घालून कोऱ्या चेहऱ्याने फिरणारे टुरिस्ट होते म्हणे, बाकी सगळे ऑफिसला.

आता केशरी. "ताई भगवा बघून अभिमान वाटला." वाटू द्या की, माझं काही म्हणणं नाही, पण याचा भगव्याशी संबंध नाही. घराण्याचं नाव ओरांये-नासाउ. ओरांये, ऑरेंज, हे फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थानाचं नाव, ते १५४४ मध्ये विल्यमकडे वारशाने आलं, तोच विल्यम ज्याने पुढे स्पेनविरुद्ध बंड केलं. गावाच्या नावावरून घराणं आणि घराण्यावरून रंग. एक झेंडाही बघा, लाल-पांढरा-निळाच असतो, फक्त त्या दिवशी वर एक लांब केशरी पट्टी लावतात. गाजरं राजासाठी केशरी केली वगैरे फॉरवर्ड मला पाठवू नका, त्याला पक्का पुरावा नाही. आणि कपडे भारतातून आणू नका, एक केशरी ओढणी पुरते, बाकी इथे युरो-दोन युरोत सगळं मिळतं.

कुठे मिळतं? फ्रायमार्क्टमध्ये! फ्राय म्हणजे फ्री, मुक्त बाजार. वर्षातला हा एक दिवस कोणीही फुटपाथवर घरातल्या जुन्या वस्तू विकू शकतो, परवाना नाही, टॅक्स नाही. त्यासाठी लोक आधीपासून जागा अडवतात, जमिनीवर खडूने चौकोन काढतात आणि आत लिहितात "बेझेट", म्हंजे घेतलीय. आई ते बघून म्हणाली, "अगं हे तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं!" तेव्हापासून आमच्या घरी त्याला रुमालच म्हणतात.

वॉन्डेलपार्कला जा, मुलं बरोबर असतील तर नक्कीच. तिथे फक्त पोरं विकतात. खेळणी, जुनी पुस्तकं, घरी केलेला केक, कोणी व्हायोलिन वाजवतं, आणि कोणी फळीतून डोकं बाहेर काढून उभं राहतं, तुम्ही पैसे देऊन ओला स्पंज मारायचा. काही ठिकाणी अंडं. बाप डोकं काढतो आणि पोरगं पैसे गोळा करतं, धंदा लहानपणापासून.

आणि आता ऐका, पैसे. सुट्टे आणा. एरवी इथे सगळीकडे कार्ड चालतं, पण आठ वर्षांच्या पोराकडे कार्ड मशीन नसतं. त्याच्याकडे असतो आईच्या फोनवरचा टिक्की. टिक्की म्हणजे आपल्या यूपीआयचा लांबचा भाऊ म्हणा, पण त्याला इथल्या बँकेचं खातं लागतं, टुरिस्टचं काम नाही. पन्नास युरोची नोट काढलीत तर ते पोर तुमच्याकडे असं बघेल की तुम्हीच लाजाल. एक-दोन युरोची नाणी, पन्नास सेंट, भरपूर.

नाण्यांचं दुसरं कारण, संडास. हो, बोलणारे मी, कोणीच बोलत नाही यावर! पुरुषांसाठी रस्त्यात उघड्या मुताऱ्या ठेवतात, बायकांनी काय करायचं? २०१५ मध्ये इथे एका मुलीला उघड्यावर बसली म्हणून दंड झाला, ती कोर्टात गेली, तर २०१७ मध्ये न्यायाधीश म्हणाले की पुरुषांची मुतारी वापरायची होती. मग बायकांनी निदर्शनं केली, बरोबरच केली. तर किंग्ज डेला लोक घराच्या दारावर पाटी लावतात, "डब्ल्यूसी, १ युरो". बिनधास्त जा. मी गेलेय, तिसऱ्या मजल्यावर, तो इथला उभा शिडीसारखा जिना चढून, आणि वर एक आजी डबा घेऊन बसलेल्या, हिशोब चोख. सकाळी चहा कमी प्या एवढंच सांगते.

खायला टॉमपूस. दोन पापुद्र्यांच्या मधे जाड क्रीम, वर एरवी गुलाबी आयसिंग, त्या आठवड्यात केशरी. खाताना क्रीम चारी बाजूंनी बाहेर येतं, इथल्या लोकांमध्येही तो कसा खायचा यावर वाद आहेत, मी झाकण उचलून आधी खाते. शाकाहारींनी विचारून घ्या, क्रीममध्ये कधीकधी जिलेटिन असतं, आणि अंड्याचं तर बघाच.

बोटींचं विचारलंय. बोटीत बसायच्या फंदात पडू नका, प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावरच्या एखाद्या पुलाच्या कडेला सकाळी अकराच्या आत जागा धरा, सगळ्या बोटी खालूनच जातात, फुकट. म्युझियमची हौस असेल तर राइक्सम्युझियम वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं, ९ ते ५. बाहेर ढोल वाजतायत आणि आत तुम्ही रेम्ब्रांटच्या चित्रांसमोर निवांत, ही माझ्या बाबांची आयडिया, त्यांना गर्दी बघून झाली होती.

आईची गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी, चाक तुटलं असताना, हॉटेलच्या दारात एका बाईने सतरंजी टाकली होती, त्यात एक पितळी घंगाळासारखं भांडं. बाई म्हणाल्या पाच युरो. आई मराठीत म्हणाली "दोन". त्यांनी डचमध्ये काहीतरी म्हटलं. आई पाठ फिरवून दोन पावलं चालली, तुळशीबागेत चालते तशीच. मागून हाक आली. अडीचला सौदा झाला. ते भांडं परत जाताना तिच्या केबिन बॅगेत गेलं आणि लाडवांचा रिकामा डबा माझ्याकडे राहिला. आता सांगलीत त्यात तुळस आहे.

चला, तिकिटांच्या तारखा खाली कमेंटमध्ये टाका, मी बघते. २७ लिहिलेलं दिसलं तर मी ओरडणारे.