कूलंट पंपाचा कोड आला? पंप विकत घ्यायच्या आधी बल्ब लावा!

नमस्कार मंडळी! मे महिना, परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या पार, आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न: "दादा, इलेक्ट्रिक कूलंट पंपाचा कोड आलाय, नवा पंप कितीला पडंल?" अहो, किंमत नंतर बघू. पंपच गेलाय हे ठरवलं कुणी? कोड म्हणजे गाडीच्या कम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर. तो वाचणारा स्कॅनर फक्त त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच म्हणतो.

प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. बेल्टवरचा पंप इंजिनाबरोबर फिरतो. हा इलेक्ट्रिक पंप बारा व्होल्टवर, कम्प्युटर सांगेल तसा कूलंट फिरवतो. हायब्रिडला इन्व्हर्टर (बॅटरीचा करंट मोटरला देणारा डबा) गार ठेवायला, ईव्हीला बॅटरीसाठी, काही टर्बो गाड्यांना टर्बोसाठी, तर काहींत खुद्द इंजिनासाठी. इंजिन गार होऊ द्या, टाकीत कूलंट बघा, फ्यूज बघा, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा. हायब्रिड-ईव्हीतल्या नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या केबलला हात लावायचा नाही. झालं.

आता खरं काम. कनेक्टर काढला, मीटर लावला, साडेबारा व्होल्ट दिसले, की आपले लोक म्हणतात "सप्लाय ओके, पंप खराब." इथंच हजारो रुपये पाण्यात जातात! शेतातली मोटर आठवा. स्टार्टरवर व्होल्टेज भरपूर, बटण दाबलं की काटा खाली अन् मोटर नुसती गुरगुरते. मीटर करंट घेतच नाही, म्हणून गंजलेल्या वायरीतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. पंपाला करंट लागतो.

म्हणून बल्ब. छोट्या पंपाला इंडिकेटरचा २१ वॅटचा, इंजिनाच्या मोठ्या पंपाला हेडलाइटचा ५५ वॅटचा, तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो. स्कॅनरनं पंप चालू करायची आज्ञा द्या, कनेक्टरच्या प्लस आणि अर्थ (मायनस) पिनवर बल्ब लावा, आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर आधी वायरिंग शोधा. आणि हो, तीन-चार वायरींचा पंप असेल तर सिग्नलच्या पिनला बल्ब चुकूनही लावू नका, कम्प्युटर जळंल. कुठली पिन कशाची, हे वायरिंग डायग्राममध्ये बघूनच.

एक जण लिहितात, "मी तर बॅटरीच्या मायनसला काळी वायर धरून मोजतो, बरोबर येतं." येणारच ना भाऊ! तुम्ही पंपाची अर्थ तपासलीच नाही. मीटरची दोन्ही टोकं कनेक्टरच्याच पिनांवर पाहिजेत.

मागं जिंतूरकडची एक गाडी आली होती. दुसरीकडं नवा पंप टाकून झालेला, कोड परत. मीटरवर सगळं छान. बल्ब लावला तर वातीसारखा लाल. बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टखाली गंज! घासला, घट्ट केला, तोच पंप फिरायला लागला. मालक हसावं का रडावं अशा तोंडानं बघत होते.

पंप खरंच जातात, नाही म्हणत नाही. २०१२ मध्ये टोयोटानं प्रियसच्या याच पंपापायी गाड्या परत बोलावल्या होत्या. बल्ब लख्ख पेटला, सिग्नलही नीट आहे, तरी पंप मुका, मग घ्या नवा. जुना काढताना कनेक्टरमध्ये हिरवट गंज किंवा कूलंटचा ओलावा दिसला तर नुसता पंप बदलून भागणार नाही, पिनाही बदला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा, कापसाच्या गंजीशेजारी गाडी लावता ना!

भरताना बोअरचं पाणी ओतू नका, हे मी दर व्हिडिओत ओरडतो. आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते घरच्या गीझरला विचारा. कंपनीनं सांगितलेलंच कूलंट घ्या. मग हवा काढा. हवा राहिली तर पंप रिकामाच फिरतो आणि कोड परत येऊ शकतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूमध्ये इग्निशन चालू पण इंजिन बंद, हीटर फुल्ल गरम, पंखा कमी, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबला की पंप बारा मिनिटं स्वतःच फिरून हवा काढतो. तेवढा वेळ बॅटरीला चार्जर लावून ठेवा. इतर गाड्यांत स्कॅनरनं पंप फिरवा.

जालन्याच्या एक ताई विचारतात, गाडी बंद केल्यावरही पंप घरघरतो, बिघाड आहे का? नाही ताई. टर्बो गार व्हायला तो काही मिनिटं चालतो. तासाभरानंही थांबला नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली दिसली, तर रिले चिकटलाय का ते आधी बघा.