सीमेपाशी थांबणारा अपवाद

पुण्यात 1848 साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, 1910 पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1917 पासूनची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. डेक्कन कॉलेज, गोखले संस्था आणि विद्यापीठ यांची ग्रंथालयेही आहेत. त्यांच्या कपाटांतील कितीतरी पुस्तके आज अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत शोधूनही मिळत नाहीत. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) अडसर सहसा येत नाही. अडचण आहे ती विसाव्या शतकात छापलेल्या पुस्तकांची.

एखाद्या लेखकाचे 1980 मध्ये निधन झाले असेल, तर भारतीय कायद्यानुसार त्याच्या लेखनावरील प्रताधिकार 2040 च्या अखेरपर्यंत टिकतो. दरम्यान प्रकाशनसंस्था बंद पडलेली असते, वारसांचा ठावठिकाणा लागत नाही, आणि हात लावताच कागदाचे तुकडे पडू लागतात. परवानगी मागायची तरी कोणाकडे, हा प्रश्न ग्रंथपालापुढे उभा राहतो. परवानगीशिवाय काय करता येते, याचे अपवाद सांगणारे 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 इथे त्याच्या मदतीला येते. जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. आणि 2012 च्या दुरुस्तीमुळे, मूळ छापील प्रत संग्रही असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रतही साठवता येते. जतनाची ही मुभा किती मोलाची आहे, हे पुण्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत जळाल्या, तेव्हा ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्या परत मिळवण्याचा मार्ग उरला नाही.

शिक्षणासाठीचा अपवादही याच कलमात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा दाखल केला. अध्यापनासाठी जेवढा मजकूर आवश्यक आहे, तेवढ्याच्या प्रती काढणे कायद्याला मान्य आहे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये घेतली. महागडी परदेशी पुस्तके विकत घेणे ज्यांना शक्य नसते, अशा पुण्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही या निकालाचे महत्त्व मोठे आहे.

मात्र हे सारे भारताच्या हद्दीपुरते. पुण्यातील एखाद्या दुर्मीळ पुस्तकाची प्रत जर्मनीतील संशोधकाने मागितली, किंवा लंडनच्या ग्रंथालयातील मराठी नियतकालिकाचा अंक पुण्यातील विद्यार्थिनीला हवा असला, तर एका देशात कायदेशीरपणे काढलेली प्रत दुसऱ्या देशात पाठवता येईल की नाही, हे ठरवणारा ग्रंथालयांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात नाही. 1886 चा बर्न करार प्रताधिकाराचे किमान संरक्षण सर्व सदस्य देशांवर बंधनकारक करतो. अपवाद मात्र तो बहुतांशी प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडतो. अपवाद विशिष्ट प्रसंगांपुरता असावा, कृतीच्या नेहमीच्या व्यावसायिक उपयोगाच्या आड येऊ नये आणि कर्त्याच्या न्याय्य हितांना अवाजवी बाधा आणू नये, एवढी कसोटी तो घालून देतो. त्यामुळे हक्क सीमा ओलांडतात, पण वाचकाची मुभा सीमेपाशी थांबते. ही विषमता अन्याय्य आहे.

ती दूर करता येते, याचा पुरावाही उपलब्ध आहे. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठीचा माराकेश करार 27 जून 2013 रोजी संमत झाला आणि त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. 30 सप्टेंबर 2016 पासून तो लागू आहे. एका सदस्य देशातील अधिकृत संस्थेने तयार केलेले ब्रेल किंवा ध्वनिपुस्तक दुसऱ्या सदस्य देशातील संस्थेला पाठवण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे तेच पुस्तक प्रत्येक देशात नव्याने तयार करावे लागत नाही. ज्या क्षेत्रात वाचनीय पुस्तकांचाच दुष्काळ होता, तिथे या एका तरतुदीचा उपयोग फार मोठा आहे.

ग्रंथालये, शिक्षण आणि संशोधन यांच्यासाठी अशी व्यवस्था असावी, यावर जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या प्रताधिकारविषयक समितीत अनेक वर्षे चर्चा चालू आहे. दरम्यान आणखी एक अडथळा वाढला आहे. ई-पुस्तके आणि नियतकालिके ग्रंथालयांना बहुधा परवान्यावर मिळतात, आणि कायद्याने दिलेली मुभा परवान्यातील एखादी अट काढून घेऊ शकते. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात वैज्ञानिक संशोधनासाठीचे संगणकाद्वारे मजकूर-विश्लेषण, डिजिटल अध्यापन आणि जतन या अपवादांविरुद्ध जाणाऱ्या करारातील अटी निष्प्रभ ठरवल्या. भारतीय कायद्यात ग्रंथालयांसाठी असे स्पष्ट संरक्षण नाही. ते मिळवण्यासाठी जिनिव्हातील निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. संसदेला ही दुरुस्ती आजही करता येईल.