नदीच्या दोन काठांवरची वीजबिलं

राईन नदीच्या एका काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग आहे आणि समोर जर्मनीतलं केल. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम पूल ओलांडून थेट केलला जाते. इकडे राहायचं आणि तिकडे कामाला जायचं, असं कितीतरी जण करतात. थंडी दोन्हीकडे तीच, चलन युरोच. दोन्ही देशांच्या वीजवाहिन्यासुद्धा एकमेकींना जोडलेल्या आहेत. तरीही या काठावरच्या आणि त्या काठावरच्या घराचं वीजबिल शेजारी शेजारी ठेवलं, तर एकाचा अर्थ लावायला शिकलेला माणूस दुसऱ्यापुढे अडखळतो.

आजचा विषय हाच आहे. शेजारच्या देशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तिकडे युनिट कितीला?’ माझं म्हणणं असं की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. तरी तुमच्या मनात तो आला असेल, म्हणून उत्तर देऊन टाकतो. २०२५ मध्ये फ्रान्समध्ये सरकारने ठरवून दिलेला साधा घरगुती दर युनिटला २० सेंटांच्या आसपास होता. जर्मनीत घरगुती ग्राहकाला सगळं धरून सरासरी ४० सेंटांच्या आसपास पडत होते. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

यामागे दोन देशांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेले निर्णय आहेत. तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये, फ्रान्सचे पंतप्रधान मेस्मेर यांच्या सरकारने अणुभट्ट्या झपाट्याने उभारायचं ठरवलं. आज फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज त्यांतून येते. जर्मनीने २००० पासून सौर आणि पवन ऊर्जेसाठी प्रत्येक युनिटवर अधिभार लावला. २०१७ मध्ये तो युनिटला ६.८८ सेंटांवर पोचला होता, जुलै २०२२ मध्ये तो काढून टाकला. शेवटच्या अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या. अधिभार गेला तरी बिलात वहन आकार आहे, वीजकर आहे, केबल रस्त्याखालून नेल्याबद्दल नगरपालिकेला द्यायची रक्कम आहे, आणि या सगळ्यावर १९ टक्के मूल्यवर्धित कर आहे.

मग फ्रेंच माणूस सुखी म्हणायचा का? जरा थांबा. फ्रान्समध्ये कितीतरी घरं विजेवरच गरम होतात. जर्मनीत जवळपास निम्मी घरं गॅसवर. तिथे दर सांगताना वर्षाला ३,५०० युनिटचं कुटुंब धरायची पद्धत आहे. ४० सेंटांनी त्याचे १,४०० युरो होतात. आता फ्रान्समधलं विजेवर तापणारं एखादं घर घेऊ. ते वर्षाला ९,००० युनिट वापरतं असं समजा. २० सेंटांनी १,८०० युरो झाले, आणि त्यात स्थिर आकार धरलेलाच नाही. दर निम्मा, पण बिल मोठं. उलट जर्मन घराचं गॅसचं बिल वेगळ्या लिफाफ्यातून येतं, ते आपण मोजलंच नाही. म्हणून माझा आग्रह असतो की तुलना वर्षभराची करा, आणि त्या घरात जळणाऱ्या सगळ्या ऊर्जेची करा.

फ्रान्समध्ये थंडी वाढली की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. हिवाळ्यात तापमान एक अंश उतरलं तर देशाची विजेची मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते. दोन मोठ्या अणुभट्ट्यांचं उत्पादन एका अंशात खर्ची पडतं! ते ओझं आवरायला तिथे ‘टेम्पो’ नावाचा एक ऐच्छिक दर आहे. तो मला फार आवडतो, त्यामुळे त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. त्यात वर्षाचे ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च याच काळात येतात आणि शनिवार-रविवारी कधीच येत नाहीत. उद्याचा रंग आदल्या दिवशी कळतो. २०२५ मध्ये लाल दिवशी सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत युनिटला साधारण ६५ सेंट पडत होते, निळ्या दिवशी त्याच वेळेत १५-१६ सेंट. स्वयंपाकघरात उद्याचा रंग पाहून कपडे आज रात्रीच धुवायचे की परवावर ढकलायचे, ते ठरतं. ज्याच्याकडे लाकडाची शेगडी आहे त्याला हा दर सोन्यासारखा. पण घरात आजारी माणूस असेल आणि विजेच्या हीटरशिवाय दुसरी सोय नसेल, तर तेच २२ दिवस जड जातात. तिथे हा दर घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

स्थिर आकाराचंही तसंच. फ्रेंच ग्राहक आपला मंजूर भार स्वतः निवडतो, ३, ६, ९ केव्हीए (साधारण किलोवॅटएवढंच माप) असा. भार कमी घेतला तर स्थिर आकार कमी, पण जास्त उपकरणं एकदम चालू केली की वीज ट्रिप. इटलीत बहुतेक घरांना ३ किलोवॅटच असतो, त्यामुळे ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी लावू नये हे तिथल्या मुलांनाही ठाऊक असतं. जर्मन घरगुती ग्राहकाला असा भार निवडावाच लागत नाही.

जर्मन घरात गोष्ट घडते ती तळघरात. भिंतीवर काळ्या डब्याचं जुनं मीटर, काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरतेय, तिच्या कडेवर लाल खूण. वर्षातून एकदा कोणीतरी जिना उतरतो, आकडे टिपतो आणि कंपनीला कळवतो. अशी मीटरं तिथे अजून लाखोंनी आहेत. तोवर दरमहा अंदाजाने ठरलेला सारखा हप्ता भरायचा. वर्षअखेर हिशेब होतो, जास्त भरलं असेल तर परत मिळतं, कमी पडलं असेल तर एकरकमी मागणी येते. घरखर्चाच्या दृष्टीने सारखा हप्ता बरा, हे मी मान्य करतो. पण जुना फ्रीज वीज खातोय हे तुम्हाला वर्षानंतर कळत असेल, तर ते कळून उपयोग काय? बिलाने वेळेवर सांगायला हवं. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

स्पेन आणि पोर्तुगाल यांचा घाऊक वीजबाजार २००७ पासून एकत्र आहे. म्हणजे घाऊक भाव बहुतेक वेळ दोघांना एकच. पण स्पेनमध्ये नियमन केलेला दर घेणाऱ्या घराला तो भाव तासातासाने लागू होतो, उद्याचे चोवीस आकडे आदल्या संध्याकाळी जाहीर होतात. पोर्तुगालमध्ये तसा दर नियामक वर्षासाठी ठरवतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गॅस भडकला तेव्हा त्याची झळ स्पॅनिश घरांना बिलात लगेच लागली. पुढे २०२४ पासून स्पेनने त्या दरात वायदेबाजारातल्या भावाचाही अंश मिसळला, म्हणजे चढउतार सौम्य झाले.

काही रकमांचा तर विजेशी संबंधच नसतो. पोर्तुगालमध्ये सरकारी रेडिओ-टीव्हीसाठी दरमहा २.८५ युरो आणि वर कर, वीजबिलातूनच घेतात. इटलीने २०१६ पासून टीव्हीची परवाना फी बिलात घातली, ती आता वर्षाला ९० युरो आहे. एकूण रकमेला युनिटने भागून दर काढणारा माणूस टीव्हीलाही वीज समजून बसतो.

आणि शेवटी, बिल भरता आलं नाही तर काय? फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात राहत्या घराची वीज थकबाकीसाठी तोडता येत नाही. भार कमी करता येतो, पूर्ण अंधार करता येत नाही. थकबाकी मात्र माफ होत नाही, ती वसंतात समोर येते. जर्मनीत हिवाळ्यासाठी अशी सरसकट तारीख नाही. तिथे मूलभूत पुरवठ्याच्या (म्हणजे वेगळा करार न निवडलेल्या) ग्राहकाची थकबाकी दोन मासिक हप्त्यांएवढी आणि किमान १०० युरो झाली, तर चार आठवड्यांची पूर्वसूचना देऊन वीज तोडता येते, कुणाच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर नाही. मग आपल्या घरात तसा धोका आहे हे त्या कुटुंबाने कंपनीला सांगायचं असतं, आणि तेही ऐन अडचणीच्या दिवसांत. दोन देशांची बिलं समोर आली की मी आता हा नियम आधी शोधतो, दर नंतर.