फाइल उघडत नाही, तेव्हा आधी कॉपी

मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘प्रोजेक्ट करप्ट झालं म्हणजे शूटही गेलं का?’ नाही हो. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये शूट केलेला व्हिडिओ नसतोच. तिच्यात असतात फक्त नोंदी: कोणती क्लिप कुठल्या फोल्डरमधली, कुठून कुठवर घेतली, तिच्यावर काय इफेक्ट लावला. म्हणून तर शेकडो जीबी फुटेजचं प्रोजेक्ट काही एमबींत मावतं. फुटेज शाबूत असतं, जातं ते आपलं एडिट. पोटात गोळा येतो तो त्यासाठी.

माझ्याही आला होता. रात्री अडीच वाजता सेव्ह चालू असतानाच मी एक्स्टर्नल ड्राइव्हची केबल काढली. सकाळी फाइल शून्य केबी. ऑटोसेव्हची, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली कॉपी सापडली, पण सगळ्या क्लिप्स ऑफलाइन, म्हणजे प्रोजेक्टला फुटेजच सापडेना. घाईघाईत रीलिंक केलं, म्हणजे क्लिप्स फुटेजला पुन्हा जोडल्या. आता कॅमेऱ्याच्या दोन्ही कार्डांवर ‘सी ०००१’ नावाची क्लिप होती. भलत्याच क्लिप्स जोडल्या गेल्या आणि हाताच्या सवयीने मी सेव्हही मारलं! एकुलती एक चांगली कॉपी मीच घालवली. तेव्हापासून काहीही उघडण्याआधी कॉपी, मग पुढचं.

दोष फाइलचाच आहे का, हेही बघा. नवं कोरं प्रोजेक्टही उघडत नसेल, तर गडबड सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये किंवा वरून जोडलेल्या एखाद्या प्लगिनमध्ये. कोरं उघडलं, तर जुन्यातले सीक्वेन्स, म्हणजे टाइमलाइनवर जुळवलेली एडिट्स, त्यात एकेक करून इम्पोर्ट करा. तिथेही क्रॅश झालं, तर फुटेजच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला. सगळं ऑफलाइन होऊन प्रोजेक्ट उघडलं, म्हणजे एखादी क्लिपच नाठाळ आहे. मग निम्म्या क्लिप्स परत आणा, मग ज्या निम्म्यांत चोर असेल, त्यातल्या निम्म्या. दोनशे क्लिप्स असल्या तरी आठ फेऱ्यांत चोर सापडतो. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे जीझिप पद्धतीने दाबून लहान केलेलं एक्सएमएल, म्हणजे टॅग नावाच्या खुणांमध्ये बांधलेला साधा मजकूर. कॉपी सेव्हन-झिप या दाबलेल्या फाइल्स उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडून आतला मजकूर टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. अगदी शेवटी ‘प्रीमियरडेटा’चा बंद होणारा टॅग हवा. मजकूर मध्येच तुटला असेल, तर हाताने शिवत बसू नका. त्यात रात्र जाते आणि बहुधा हाती काही लागत नाही. सरळ ऑटोसेव्ह गाठा.

एव्हिड, फायनल कट आणि रिझॉल्व्ह हीही एडिटिंगचीच सॉफ्टवेअर. एव्हिडवाल्यांनी ‘अ‍ॅटिक’ फोल्डर बघायचा. अ‍ॅटिक म्हणजे माळा, आणि बिनांच्या, म्हणजे क्लिप्स आणि सीक्वेन्स ठेवायच्या कप्प्यांच्या, जुन्या कॉपी खरंच माळ्यावर टाकल्यासारख्या तिथे पडलेल्या असतात. फायनल कटचे बॅकअप मूव्हीज फोल्डरमध्ये. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये ठेवतं, तेव्हा प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रोजेक्ट बॅकअप्स’वर खूण आहे ना, ते आजच बघा.

एक राहिलं. प्रीमियरचा ऑटोसेव्ह फोल्डर, तुम्ही बदलला नसेल तर, प्रोजेक्टच्या शेजारीच असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. तो दुसऱ्या डिस्कवर न्या.

चला, बिघडलेली फाइल कुणी आणलीय? लावूया. कॉपी केलीय ना?