लॅबप्लॉट शिकूया, साध्या लंबकाच्या पाच रीडिंगवर

नमस्कार! बारावीत असा नाहीतर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल कोणाला चुकलेलं नाही. आज आपण तेच प्रॅक्टिकल घेऊन लॅबप्लॉट नावाचं ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर वापरणार आहोत. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या समुदायाचं हे काम आहे. लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हींवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे.

जर्नल पूर्ण करायचं म्हणून ग्राफ शेवटी काढायचा, ही सवय मला मोडायची आहे. आजच्या उदाहरणात ग्राफ अशी एक गोष्ट दाखवणार आहे, जी नुसत्या आकडेमोडीत सापडत नाही.

[स्क्रीन: लॅबप्लॉटची रिकामी खिडकी]

आधी खिडकी ओळखून घ्या. डावीकडे प्रोजेक्ट एक्सप्लोरर, म्हणजे तुम्ही तयार केलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी. उजवीकडे प्रॉपर्टीज. मध्ये काम करायची जागा. एक नियम लक्षात ठेवा: डावीकडे जे निवडाल, त्याच्याच सेटिंग उजवीकडे दिसतात. अक्ष निवडलात तर अक्षाच्या, रेषा निवडलीत तर रेषेच्या. हवं ते बटण सापडत नसेल, तर बहुतेक वेळा डावीकडे भलतंच काहीतरी निवडलेलं असतं.

आता नवीन स्प्रेडशीट घ्या. पहिल्या कॉलममध्ये लांबी, मीटरमध्ये: ०.२०, ०.४०, ०.६०, ०.८०, १.००. दुसऱ्यात २० दोलनांना लागलेला वेळ, सेकंदात: १८.४, २५.७, ३१.४, ३६.१, ४०.३. हे आकडे मी समजावण्यासाठी तयार केलेत, पण तुमच्या प्रयोगशाळेतही असेच काहीसे येतील.

फाइलमधून डेटा आणणार असाल तर फाइल मेनूत इम्पोर्ट आहे. तिथे एकच काळजी घ्या. आकड्यापुढे 'सेकंद' किंवा 'मी.' असं काही लिहिलेलं असेल, तर तो अख्खा कॉलम मजकूर म्हणून येतो, आणि मजकुराचा असा ग्राफ निघत नाही. एककं कॉलमच्या नावात लिहा, खाली फक्त आकडे.

पुढे आपल्याला आवर्तकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग लागेल. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. तिसरा कॉलम घाला, त्याच्या नावावर राइट क्लिक करा, 'जनरेट डेटा'मध्ये 'फंक्शन व्हॅल्यूज' निवडा. वेळेचा कॉलम चलाला जोडा आणि सूत्र लिहा: वेळ भागिले २०, कंसाचा वर्ग. तिथेच ऑटो अपडेटची खूण करून ठेवली, की वेळेचं रीडिंग दुरुस्त केल्यावर वर्गही आपोआप बदलतो.

[स्क्रीन: तिसरा कॉलम भरताना]

आता लांबीचा कॉलम एक्स आणि वर्गाचा कॉलम वाय म्हणून ठरवा, दोन्ही निवडा, राइट क्लिक, 'प्लॉट डेटा'. ग्राफ आला. बिंदू रेषेने जोडलेले दिसले तर ती जोडरेषा बंद करा आणि फक्त चिन्हं ठेवा. दोन रीडिंगच्या मधलं आपण काहीच मोजलेलं नाही, मग तिथे रेघ ओढायची कशाला?

रेषा हवी आहे ती फिटची, म्हणजे सगळ्या बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी. ग्राफमधल्या बिंदूंवर राइट क्लिक करा, ॲनालिसिसमध्ये जाऊन फिट घ्या. मॉडेल पॉलिनॉमियल, डिग्री १, म्हणजे सरळ रेषा. रिकॅल्क्युलेट दाबा. उजवीकडे निकाल येतो: स्लोप, म्हणजे रेषेचा उतार, साधारण ४.०२ (नेमका ४.०१७), आणि इंटरसेप्ट, म्हणजे लांबी शून्य असताना रेषेची उंची, साधारण ०.०४६. दोन्हींच्या शेजारी त्यांची त्रुटीही दिलेली असते. ती जर्नलमध्ये जरूर लिहा.

आता थांबा, कारण खरी मजा इथे आहे. लंबकाच्या सूत्रानुसार आवर्तकालाचा वर्ग म्हणजे ४ पाय वर्ग गुणिले लांबी भागिले जी; इथे वर्ग फक्त पायचा, आणि जी म्हणजे गुरुत्वत्वरण. म्हणून स्लोप म्हणजे ४ पाय वर्ग भागिले जी. ४ पाय वर्ग होतो ३९.४८. त्याला ४.०१७ ने भागलं की जी येतो साधारण ९.८३. छान. पण हेच पाच रीडिंग घेऊन प्रत्येकातून वेगळा जी काढा. पहिल्या रीडिंगला येतो ९.३३, शेवटच्याला ९.७२, आणि पाचांची सरासरी ९.५८. डेटा तोच, मग ९.८३ कुठे आणि ९.५८ कुठे!

उत्तर इंटरसेप्टमध्ये आहे. प्लॉट एरिया निवडा, एक्सच्या रेंजचं ऑटो काढा आणि सुरुवात उणे ०.०५ पासून करा. फिटच्या सेटिंगमध्ये रेषा कुठून कुठपर्यंत काढायची तेही बदला आणि तिला डावीकडे वाढवा.

[स्क्रीन: रेषा शून्याच्या डावीकडे जाताना, झूम]

बघा, रेषा शून्यातून जात नाही. आडव्या अक्षाला ती उणे ०.०११ च्या आसपास छेदते. ०.०११ मीटर म्हणजे १.१ सेंटीमीटर. हे काय असेल? गोळ्याची त्रिज्या! दोरी मोजताना ती हुकापर्यंत मोजली, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीच नाही. ही चूक प्रत्येक रीडिंगमध्ये सारखीच आहे, त्यामुळे रेषा नुसती सरकली, तिचा उतार तसाच राहिला. एकेका रीडिंगमधून जी काढताना मात्र ती थेट उत्तरात शिरते, आणि दोरी जितकी आखूड तितका फरक मोठा. म्हणूनच ०.२० मीटरचं उत्तर सगळ्यांत वाईट आलं.

म्हणून मी कळकळीने सांगते, फिट करताना रेषेला जबरदस्तीने शून्यातून नेऊ नका. तसं केलंत तर हा पुरावाच पुसला जातो, आणि जी पण बिघडतो.

नावं आणि एककं दोन्ही अक्षांवर लिहा. रंग, जाडी, फॉन्ट यांत फार वेळ घालवू नका. छापायचं असेल तर पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये एक्सपोर्ट करा, मोठं केलं तरी फाटत नाही. आणि प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा, कारण रीडिंग, सूत्र, फिट, सगळं तिच्यातच आहे. पार्टनरला ग्राफचा फोटो पाठवण्यापेक्षा ती फाइल पाठवा, म्हणजे त्याला तुमचं प्रत्येक पाऊल तपासता येईल.

हे आकडे खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलेत. ते भरा, मग शेवटच्या रीडिंगचे ४०.३ चे ४१.३ करा आणि स्लोप किती हलतो ते मला कमेंटमध्ये कळवा.